पेटी आडवी झाली की: पुन्हा वापरता येणारं पुठ्ठ्याचं पॅकेजिंग शिकताना

पुन्हा वापरता येईल अशी पेटी करायला बसलेला नवा माणूस आधी आकार शोधतो. पेनस्टँड, मांजराचं घर, आकाशकंदील. आकार सगळ्यात शेवटी ठरवा. आधी हे बघा, की पहिल्या प्रवासात पेटीचा कोणता भाग भार घेतो आणि कोणता नुसता सोबत जातो. भार घेणाऱ्या भागात भोकं, परफोरेशन (फाडण्यासाठी तुटक कापलेल्या रेषा), खाचा घातल्या की दुसऱ्या वापराचा प्रश्नच मिटतो. माल फुटलेला असतो आणि गिऱ्हाईक पेटीचे फोटो तक्रारीसाठी काढत असतं.

तीन प्लाय, पाच प्लाय (पुठ्ठ्यातले कागदाचे थर), जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये), क्रीज (दुमडण्यासाठी दाबलेली रेष) हे ढोबळ माहीत आहे असं धरतो. एकच गोष्ट लांबवून सांगणार आहे, कारण नव्यांचं पहिलं काम हमखास तिथेच आपटतं: फ्लूटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या पोटातल्या लाटेच्या कागदाने होणाऱ्या बारीक नळ्यांची दिशा.

घरपोच जाणाऱ्या हापूसच्या पेटीचं उदाहरण घ्या. दोन डझन, बारा-बाराचे दोन थर, मध्ये एक पॅड, म्हणजे पुठ्ठ्याचा सपाट तुकडा. आतलं माप समजा ३७० × २८० × १८० मिमी, साधी युनिव्हर्सल बॉक्स (वर-खाली चार-चार फ्लॅप दुमडून बंद होणारी नेहमीची पेटी), तीन प्लाय, बी फ्लूट (लाटेचं एक ठरलेलं माप), जाडी ३ मिमी. आंबे संपले की ती लांब भिंतीवर आडवी करायची आणि पुस्तकांचं खोकं म्हणून वापरायची. तोंड पुढे, तळ मागे, उंची आता २८०, खोली १८०. कागदावर झकास दिसतं.

आता भिंती बघा. उभ्या पेटीत फ्लूट वरून खाली जातात, म्हणजे प्रत्येक फ्लूट एक बारीक खांब असतो आणि वर रचलेल्या पेट्यांचं वजन तोच पेलतो. पेटी आडवी केली की आखूड भिंती बाजूच्या आधाराच्या भिंती होतात, पण त्यांचे फ्लूट आता समोरून मागे, आडवे झोपलेले असतात. वजन फ्लूटच्या लांबीवर न येता पोटावर येतं. वर एक थर पुस्तकं ठेवली की भिंत फुगते, मग कुठल्या तरी एका फ्लूटच्या रेषेवर मोड पडते, आणि एकदा पडलेली मोड परत सरळ होत नाही. यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे वरचे फ्लॅप आत दुमडून भिंत दुहेरी करायची. थांबा. फ्लॅप त्याच भिंतीचा पुढचा तुकडा आहे, त्याचे फ्लूटही त्याच दिशेला जातात. दोन आडवे थर मिळून एक उभा खांब होत नाही. जीएसएम वाढवूनही खर्चच जास्त वाढतो, दिशा तीच राहते.

उपाय मधल्या पॅडमध्ये आहे. पॅड प्रवासात सपाट पडलेला असतो, कडेवर उभा राहून भार घेत नाही, म्हणून त्याचे फ्लूट कुठल्याही दिशेला ठेवायची मोकळीक असते. पॅड ३६६ × २७३ चा करा, फ्लूट २७३ च्या दिशेने. त्यावर दोन परफोरेशन रेषा अशा, की १७८ + १० + १७८ असे तुकडे सुटतील. मधली १० मिमीची पट्टी फेकायची, उरलेले दोन तुकडे खोक्यात दोन बाजूंना उभे करायचे. हे खरे खांब. परफोरेशन फ्लूटला समांतर असल्यामुळे कात्रीशिवाय सरळ फाटतं. ६ मिमी कट आणि ३ मिमी टाका (न कापलेला भाग) या मापाने सुरुवात करा आणि फाडून बघा. फारच सहज फाटलं तर टाका वाढवा, नाहीतर वरच्या थराच्या आंब्यांखाली पॅड वाटेतच दुमडेल.

२७३ कुठून आले? आतली उंची २८०, त्यातून आत दुमडलेल्या दोन लांब फ्लॅपची जाडी ६, आणि सरकायला १. दुमडायचा क्रम ठरलेला आहे: आधी आखूड फ्लॅप, मग लांब, मग खांब. लांब फ्लॅप आखूड फ्लॅपच्या मध्ये बसायला हवेत, म्हणजे ३६४ मध्ये. म्हणून कोपऱ्यातला स्लॉट (दोन फ्लॅपमधली कापलेली फट) ८ मिमी मागा; फ्लॅप ३६२ राहतो आणि अडकत नाही. खांब घट्ट बसले की फ्लॅपही उसळून बाहेर येत नाहीत. गोंद नाही, टेप नाही. रत्नागिरी-देवगडहून ट्रकमध्ये उंच रचून जाणारी पेटी बहुधा पाच प्लायची लागते; तिथे जाडी ३ ऐवजी ६ किंवा ७ धरून सगळी वजाबाकी नव्याने करा.

आणि आता खरी मेख. हे सगळं बरोबर काढूनही माल चुकीचा येतो. कारखान्यात पेटीच्या शीटची दिशा सहसा कोणी बदलत नाही, पण पॅडकडे कोणाचंच लक्ष नसतं. तो अनेकदा उरलेल्या शीटमधून निघतो, आणि वेस्टेज वाचवायला ९० अंशात फिरवला तर त्यांच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं. माप तर बरोबर आहे! हाताने कापलेला नमुना उभा राहतो, लॉटमधला पडतो, आणि नवा माणूस आठवडाभर मापं तपासत बसतो. ड्रॉइंगवर प्रत्येक तुकड्यावर, पॅडवरसुद्धा, बाण काढून ‘फ्लूट दिशा, फिरवू नये’ असं लिहा. पर्चेस ऑर्डरमध्येही लिहा. माल आला की गठ्ठ्यातून कुठलाही एक पॅड उचलून लांब कड डोळ्यासमोर धरा. ३६६ च्या कडेला फ्लूटची भोकं दिसली पाहिजेत. भोकं न दिसता सरळ बंद कड दिसली तर गठ्ठा परत.

हवेची भोकं आंब्याला लागतातच. साधारण २५ मिमी व्यासाची, कोपऱ्यापासून निदान ५० मिमी लांब, कारण सगळ्यात जास्त भार कोपरे घेतात. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या ५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. दुसऱ्या वापरात हीच भोकं चार्जरची वायर काढायला किंवा बोट घालून खोकं ओढायला उपयोगी पडतात, तेव्हा वेगळी खाच कशाला?

जोड पिनांचा नको. स्टिचिंग स्वस्त आणि भरवशाचं आहे, पण घरात लहान मूल खोक्यात हात घालतं आणि तारेचं टोक लागतं. गोंदाचा जोड मागा. चकचकीत लॅमिनेशनही नको. खोकं शेवटी रद्दीतच जाणार आहे आणि प्लास्टिकची फिल्म चिकटलेला पुठ्ठा रद्दीवाल्यालाही नकोसा असतो.

पुरवठादार बीएफ (बर्स्ट फॅक्टर, कागद दाबाने फुटायला किती टिकतो त्याचा आकडा) सांगून खूश करतात. बाहेरचे दोन कागद १५० जीएसएम २० बीएफ, मधला १२० जीएसएम १६ बीएफ असेल तर बर्स्टिंग ३ + ३ आणि मधल्याचं निम्मं ०.९६, म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर ७ च्या आसपास. हिशेब बरोबर आहे, पण तो पुठ्ठा फुटण्याचा आहे, उभं राहण्याचा नाही. कडेवरची ताकद हवी असेल तर ईसीटी (एज क्रश टेस्ट, पुठ्ठा कडेवर उभा करून दाबायची चाचणी) विचारा. त्यावर कोणी हसलं तर दुसरीकडे जा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. पिंटरेस्टवरून उचललेल्या कल्पनांमध्ये बहुतेक वेळा कटर, ग्लू गन आणि रिकामी दुपार गृहीत धरलेली असते. सॅमसंगने २०२० मध्ये टीव्हीच्या खोक्यांवर ठिपक्यांची जाळी छापली आणि क्यूआर कोडवरून मांजराच्या घराचे, मासिकांच्या रॅकचे नकाशे दिले. ते खोकं मोठं, घेणारा हौशी; तिथे ते शोभतं. आंब्याच्या पेटीला ते लावू नका. कृती छापूनच द्या, चार चित्रांत, आखूड फ्लॅपवर, पेटीच्याच एकरंगी छपाईत. आतून छपाई म्हणजे वेगळा खर्च. तपकिरी क्राफ्ट कागदावर रेष अर्ध्या मिमीपेक्षा बारीक ठेवली तर तुटक उमटते.

शिकायचंच असेल तर गणपतीनंतर पुठ्ठ्याचं एक मखर सुटं करून बघा. २०१८ च्या थर्माकोल बंदीनंतर ही मखरं घरोघरी आली, आणि खाचेत खाच बसवण्याची बरीच अक्कल त्यांत आहे. प्रमाणं मात्र उचलू नका, मखराला भार नसतो. मुंबईच्या आरंभ संस्थेचं ‘हेल्प डेस्क’ही अभ्यासा: टाकाऊ खोक्यावर स्टेन्सिल ठेवून कापलेलं, दप्तराचं लिहायचं डेस्क होणारं. पोर्टफोलिओवाल्या गुरूंपेक्षा पुठ्ठा कापणाऱ्या पंचिंग मशीनवरच्या ऑपरेटरशेजारी दोन दिवस बसा. तो रागावेल, पण क्रीज का फुटते ते दाखवेल.

घाबरून जायचं कारण नाही. पॅडची दिशा आणि जाडीची वजाबाकी सांभाळली तर पहिला लॉट वापरण्याजोगा निघतो. चाचणी मात्र चुकवू नका. खोकं बांधायला शेजारच्या काकूंना द्या आणि गप्प बसा. पाच मिनिटांत झालं नाही तर चित्रं बदला, काकू नव्हे. मग वर १० किलो पुस्तकं ठेवून २४ तास सोडा. एप्रिलच्या कोरड्या खोलीत पास झालेल्या खोक्यावर विश्वास नको. आंबे एप्रिल-मेमध्ये येतात, म्हणजे खोकं वापरात येतं ते नेमकं पावसाळ्याच्या तोंडावर, आणि ९० टक्के आर्द्रतेत पुठ्ठ्याची दाब सहन करण्याची ताकद ५० टक्के आर्द्रतेच्या मानाने जवळपास निम्म्यावर येते. म्हणून हीच चाचणी न्हाणीघराच्या दाराशी, गरम पाण्याच्या बादलीशेजारी, रात्रभर. पेटीत पेंढा असेल तर खोकं बांधण्याआधी एक दिवस उन्हात वाळवायचं, हेही पहिल्याच चित्रात टाका.