पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या घेताय? मग हे आधी बघून घ्या

डॉक्टरांनी पाळीसाठी गोळ्या दिल्यात एवढंच माहीत असून भागत नाही, कुठल्या दिल्यात ते स्ट्रिप उलटी करून वाचा. ब्रँडचं मोठं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते बघा. नॉरइथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असेल तर ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीतलं औषध, एथिनिल एस्ट्राडायॉल आणि सोबत आणखी एक नाव असेल तर ती एस्ट्रोजेनवाली कॉम्बिनेशन गोळी, गर्भनिरोधक म्हणून घेतात तीच. आणि ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड असेल तर ते मुळात हार्मोनच नाही, ते फक्त ब्लीडिंग कमी करतं. सगळ्यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून बहिणीची किंवा मैत्रिणीची उरलेली अर्धी स्ट्रिप "मला पण असाच त्रास होता" म्हणून घ्यायची नाही. तिला ती कशासाठी दिली होती ते बऱ्याचदा तिलाच नीट माहीत नसतं.

आता गोळी सुरू करायच्या आधीचं, कारण खरी गडबड इथेच होते. पाळी लांबली की लोक "पाळी यायची गोळी" मागतात, पण त्याच्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट केलेली नसते. ती पहिली करा, अगदी खात्री असली तरी करा. बाकी थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन), हिमोग्लोबिन, गरज पडली तर सोनोग्राफी, हे डॉक्टर ठरवतील, पण कारण न शोधता महिनोन्‌महिने गोळ्यांवर पाळी आणत राहणं काही बरोबर नाही. चाळिशीच्या पुढे अचानक खूप किंवा मध्येच ब्लीडिंग सुरू झालं तर तपासणी न करता गोळीने थांबवू नका, आणि पाळी कायमची जाऊन वर्ष झाल्यावर परत अंगावरून गेलं तर थेंबभर असलं तरी आधी डॉक्टर. उलट मुलींना पाळी सुरू झाल्यावर पहिली एकदोन वर्षं तारखा मागेपुढे होतातच, 21 ते 45 दिवसांत येत असेल तर लगेच घाबरून गोळ्या सुरू करायची घाई नको. तीन महिने आलीच नाही तर मात्र दाखवा.

एस्ट्रोजेनवाली गोळी असेल तर काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण सांगायच्या. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, घरात कुणाला कमी वयात झाली होती का, बीपी, लिव्हरचा त्रास, स्तनाचा कॅन्सर, नुकतंच बाळंतपण. 35 च्या पुढे वय आणि सिगारेट चालू असेल तर ही गोळी नकोच. डोकेदुखीचंही नीट सांगा, म्हणजे नुसतं "अर्धशिशी आहे" एवढं नको, दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसतात का, तेही सांगा, कारण तसं होत असेल तर या गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि बीपी मोजल्याशिवाय सुरू करू नका. काउंटरवर गोळी देणारा तुमचं बीपी बघत नसतो.

फिटची औषधं (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) किंवा टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर तेही सांगाच, त्यांनी गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो.

पाळी पुढे ढकलायची गोळी हा वेगळाच विषय. प्रवास, परीक्षा, कार्यक्रम काही असो, साधारणपणे नॉरइथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तारखेच्या 3 दिवस आधीपासून देतात. ऐनवेळी, पोटात दुखायला लागल्यावर घेतली तर बहुतेक वेळा उपयोग होत नाही, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. बंद केल्यावर 2-3 दिवसांत पाळी येते. या गोळीने गर्भ राहायचा थांबत नाही, हे खूप जणींना माहीत नसतं. आणि शरीरात तिचं थोडं एस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होतं, त्यामुळे गुठळीचा इतिहास असलेल्यांनी हिला पण साधी समजू नये. दर महिन्याला सोयीसाठी ढकलत बसायचं हे औषध नाही.

रोज घ्यायची असेल तर वेळ ठरवून टाका, रात्री दात घासल्यावर घ्या नाहीतर मोबाइलला अलार्म लावा, आणि स्ट्रिपवर पेनने वार लिहून ठेवा, म्हणजे आज घेतली की नाही हा घोळ होत नाही. कॉम्बिनेशनची एक राहिली तर आठवल्याबरोबर घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळेला, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त राहिल्या तर सगळ्या भरून काढायच्या नाहीत, शेवटची राहिलेली तेवढी घ्या, पुढच्या नेहमीसारख्या चालू ठेवा आणि पुढचे 7 दिवस कंडोम वापरा. स्ट्रिपच्या शेवटच्या आठवड्यात राहिल्या असतील तर दोन स्ट्रिपच्या मध्ये सुट्टी न घेता पुढची स्ट्रिप सुरू करायची. गोळीनंतर 3 तासांच्या आत उलटी झाली तर परत एक घ्या.

सुरुवातीला मळमळ, स्तन जड वाटणं, मूड बिघडणं, मध्येच स्पॉटिंग हे होतं, पहिल्या 3 महिन्यांत बऱ्यापैकी निवळतं. स्पॉटिंग बघून वैतागून गोळी मध्येच सोडू नका, सोडली की 2-3 दिवसांत अजून ब्लीडिंग येतं आणि मग "गोळीने जास्तच त्रास झाला" असं वाटतं. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला, कधी नव्हे एवढं डोकं दुखलं, नीट दिसेना किंवा बोलताना जीभ अडखळली तर गोळी बंद करून सरळ इमर्जन्सीत जा, जाताना स्ट्रिप बरोबर न्या. तसंच दर तासाला पॅड भिजतोय, चक्कर येतेय, तर "गोळी चालू आहे, थांबेल" म्हणत घरी बसू नका. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला या गोळीबद्दल सांगा, एस्ट्रोजेनवाली साधारण 4 आठवडे आधी थांबवायला सांगतात.

पीसीओएसवाल्यांसाठी (म्हणजे हार्मोन बिघडल्याने पाळी लांबते त्यांच्यासाठी) एक, गोळ्यांवर येणारी पाळी नियमित दिसते पण मूळ त्रास गेलेला नसतो, बंद केल्यावर परत लांबू शकते. म्हणून गोळी वाईट होत नाही, गर्भाशयाचं अस्तर साचून जाड होऊ नये म्हणून ती कामाची आहेच. कोर्स संपल्यावर आठवड्याभरात पाळी आली नाही तर दुसरा कोर्स आपल्या मनाने सुरू करू नका, परत एकदा प्रेग्नन्सी टेस्ट करा आणि तारखांची नोंद घेऊन डॉक्टरांना गाठा.