बारावी सायन्स: बोर्ड आणि प्रवेश परीक्षेचा अभ्यास एकत्र कसा बसवायचा

लातूरला खोली करून राहा किंवा गावातून एसटीने ये-जा करा, पहिला निर्णय जूनमध्येच घ्या: मुख्य परीक्षा एकच. मॅथ्स-बायो दोन्ही घेऊन ‘नीट’ (मेडिकलची प्रवेश परीक्षा), जेईई (देशपातळीवरची इंजिनिअरिंगची), सीईटी (राज्याची) अशा तिन्हींचे क्लास लावले की दिवाळीपर्यंत बॅकलॉग साचतो आणि एकही परीक्षा धड होत नाही.

नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यात अकरावीही पूर्ण. पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या सीईटीत अकरावी साधारण २० टक्के. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला ५४ सेकंद. गणिताला १०८ सेकंद मिळतात, पण गुणही दोन.

क्लासमध्ये सर सोडवतात तेव्हा सगळं समजल्यासारखं वाटतं, रात्री वही उघडली की हात चालत नाही. म्हणून धडा झाला त्याच दिवशी पाठ्यपुस्तक वाचा, डेरिव्हेशन न बघता लिहून काढा आणि मगच घड्याळ लावून ४० एमसीक्यू सोडवा. हा क्रम उलटा केला तर सूत्र पाठ होतं, ते कुठं लागू पडत नाही हे कळत नाही.

रविवारच्या टेस्टनंतर मार्कांपेक्षा चुका महत्त्वाच्या. प्रत्येक चुकीपुढं कारण लिहा. संकल्पनाच कच्ची असेल तर धडा परत वाचा. आकडेमोड चुकली असेल तर तशीच १० गणितं करा. प्रश्नातलं ‘नॉट’ नजरेतून सुटलं असेल तर तो शब्द अधोरेखित करायची सवय लावा. आठवडाभर नुसती टेस्टवर टेस्ट देऊन चुका तशाच राहतात.

नीट-जेईईत चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, सीईटीत नाही. नीटच्या सवयीनं सीईटीत प्रश्न कोरे सोडणं हे सरळ नुकसान आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्यांसाठी: नीटचा पेपर मराठीत मिळतो, पण वर्षभर संज्ञा इंग्रजीत वाचल्या असतील तर फॉर्म भरताना इंग्रजीच निवडा. परीक्षेत ‘परासरण’ म्हणजे ऑस्मोसिस हे आठवत बसायला वेळ नसतो. सीईटीत गणित इंग्रजीतच असतं.

कॉलेज मात्र सोडू नका. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोला प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे. शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याचं जर्नल उतरवलं की तोंडी परीक्षेत लगेच उघडं पडतं. जेईईतून एनआयटीला (केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजला) जायचं तर बोर्डात ७५ टक्के किंवा टॉप २० पर्सेंटाइल म्हणजे बोर्डातल्या वरच्या २० टक्के मुलांत नंबर लागतो, एससी-एसटीला ६५ टक्के. डिसेंबरपासून दर आठवड्याला एक पूर्ण पेपर तीन तास बसून पेनानं लिहा. वर्षभर फक्त पर्याय निवडणाऱ्याचा लिहिण्याचा वेग पडलेला असतो, आणि शेवटचे दोन मोठे प्रश्न तिथंच राहतात.