कोंबडीच्या तंगडीवर बायपासच्या टाक्यांचा सराव

बायपासमध्ये प्रत्यक्ष कोरोनरीला, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीला, हात लावण्याआधी रेसिडेंटने (शिकाऊ सर्जनने) कोंबडीच्या मांडीची धमनी गाठावी. ताजी तंगडी कुठल्याही चिकनच्या दुकानात मिळते. फ्रीझरमधली नको, तिच्या धमनीची भिंत टाक्यात फाटते.

मांडीच्या हाडालगतचे स्नायू बाजूला केले की साधारण 2 मिमीची धमनी दिसते. दोन तुकडे काढा: एक ग्राफ्ट (कोरोनरीला जोडायची नवी रक्तवाहिनी), दुसरा कोरोनरी. अडीच ते साडेतीन पटींचा लूप (डोळ्यांवरचं भिंग), कॅस्ट्रोव्हिएहो नीडल होल्डर (बारीक सुई धरायचं अवजार) आणि 8-0 प्रोलीन (अतिबारीक दोरा) पुरे.

कोरोनरीच्या तुकड्यावर पॉट्स कात्रीने (रक्तवाहिन्यांच्या बारीक कात्रीने) 5 मिमीचा उभा छेद द्या, ग्राफ्टचं तोंड तिरपं कापून तेवढंच करा. टाचेकडून, म्हणजे ग्राफ्टच्या तिरप्या तोंडाच्या मागच्या टोकाकडून, सुरुवात, पहिले काही टाके सैल ठेवून ग्राफ्ट खाली उतरवा. टाक्यांत साधारण 1 मिमी अंतर. कोरोनरीवर सुई आतून बाहेर काढा, म्हणजे आतला थर सुटत नाही. सुई तिच्या वळणानेच फिरवा. सरळ ओढली की भोक रुंदावतं.

खरी गडबड शेवटी होते. गाठ मारताना दोरा आवळला की बटव्यासारखं तोंड आक्रसतं. दुसरी चूक म्हणजे मागची भिंत टाक्यात अडकणं. सिरिंजने रंगीत सलाईन सोडून गळती पाहा. मग जोड उभा चिरून आतून तपासा. हा भाग बहुतेक जण टाळतात, आणि चूक नेमकी तिथेच सापडते.