टोरॉइड कॉइल घरी हाताने कशी गुंडाळायची

रेडिओचं सर्किट करायला घेतलं आणि त्यात टोरॉइड, म्हणजे रिंगवर तार गुंडाळून केलेली कॉइल, दिसला की बरेच जण तिथेच थांबतात, मला खरंच वाईट वाटतं, कारण हा पार्ट आपण स्वतः बनवू शकतो आणि त्याला अर्धा तास पण लागत नाही.

आधी कोअर, म्हणजे जिच्यावर तार गुंडाळायची ती रिंग, नीट ओळखा. मी टी ५०-२ धरून सांगतो. यातला ५० म्हणजे बाहेरचा व्यास अर्धा इंच, १२.७ मिमी, आणि २ म्हणजे मटेरियल, ते लाल रंगाचं असतं. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायच्या डब्यातून) काढलेली पिवळी रिंग, जिची एक बाजू पांढरी असते, ती बहुतेक २६ नंबरची, ती पॉवर सप्लायच्या चोकला (करंटमधला चढउतार अडवणाऱ्या कॉइलला) चांगली पण रेडिओच्या फिल्टरला अजिबात वापरू नका. लाल कोअरवर १७ वेढ्यांत १.४ मायक्रोहेन्री (कॉइलच्या इंडक्टन्सचं माप) येतात, तेवढेच वेढे त्याच साइजच्या २६ नंबरवर घातले तर साडेनऊच्या आसपास जातात आणि सिग्नलचा लॉस होतो तो वेगळाच.

वेढे किती, तर टी ५०-२ वर १०० वेढ्यांना ४९ मायक्रोहेन्री मिळतात. आपल्याला हवे तेवढे मायक्रोहेन्री भागिले ४९, त्याचं वर्गमूळ, गुणिले १००. समजा ७ मेगाहर्ट्झच्या लो पास फिल्टरला (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या) १.४ हवेत, उत्तर १६.९ येतं, म्हणजे १७ घ्या.

तार २६ गेजची इनॅमल वायर, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते. या कोअरवर एका वेढ्याला साधारण दीड सेंटीमीटर लागते, म्हणजे १७ ला २५ आणि दोन्ही टोकांना पाच-पाच, असे ३५ झाले, मी सरळ ४० कापतो, कारण शेवटच्या दोन वेढ्यांना तार कमी पडली की सगळं उलगडून परत पहिल्यापासून.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती गोष्ट, मोजणी. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा झाला, बस. सुरुवातीला तार नुसती भोकातून आरपार ओवली तोच पहिला वेढा, लोक तो धरतच नाहीत आणि मग एक जास्त होतो. शेवटी भोकाच्या आतल्या बाजूला किती तारा दिसतात ते मोजा, बाहेरून मोजू नका. एक वेढा कमी झाला तरी १७ च्या जागी १६ म्हणजे इंडक्टन्स ११ टक्क्यांनी उतरतं, हे थोडं नाही.

गुंडाळताना रिंग डाव्या हाताच्या चिमटीत धरा, प्रत्येक वेढा अंगठ्याने दाबून कोअरला चिकटवा, पक्कड लावू नका, इनॅमल खरवडतं. तारेला पीळ पडतोय असं दिसलं की तिथेच थांबून सरळ करा, ओढून सुटेल म्हणून ओढलं तर कायमची मुरड बसते. वेढे एकावर एक चढू देऊ नका आणि दोन टोकांमध्ये घड्याळातल्या बारा ते एक एवढी जागा मोकळी ठेवा.

टोकांचं इनॅमल काढणं हे दुसरं महत्त्वाचं काम. काही तारांचं इनॅमल गरम सोल्डरच्या थेंबात धरलं की जळून जातं, बाकीच्यांचं जात नाही, म्हणून मी ब्लेड किंवा पॉलिश पेपरने चारही बाजूंनी घासतो, तांबं चकचकीत दिसलं की टिनिंग करतो, म्हणजे सोल्डरचा पातळ थर देतो. मग मल्टीमीटर कंटिन्युटीला लावून बीप येतोच का बघा, बोर्डवर लावल्यावर नव्हे, आधी.

इंडक्टन्सची व्हॅल्यू थोडी जास्त आली तर वेढे रिंगभर पसरवा, कमी आली तर जवळ सरकवा. स्वस्त कंपोनंट टेस्टरवर १० मायक्रोहेन्रीच्या खालचं नीट दिसत नाही, त्यामुळे तो शून्य दाखवतोय म्हणून कॉइल फेकू नका.

एफटी ३७-४३ सारख्या करड्या फेराइट रिंगला पद्धत हीच, फक्त त्या ठिसूळ असतात, पडल्या की तुटतात, आणि कडा धारदार असतील तर आधी हलक्या घासून घ्या.

आणि कोअर मिळत नाही म्हणून अडून बसू नका. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स हा ट्रान्सीव्हर (सिग्नल पाठवणारा आणि घेणारा रेडिओ) डिझाइन केला तेव्हा नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळल्या होत्या. वॉशरवर वेढे बरेच जास्त लागतात आणि वरचा हिशोब तिथे चालत नाही, पण हात बसवायला उत्तम, मी अजूनही नवीन मुलांना पहिली कॉइल वॉशरवरच करायला देतो.