टेरी प्रॅचेट वाचायला घेताय? आधी या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला सांगतं, "ताई, डिस्कवर्ल्ड सुरू केलं बरं का, पहिलंच पुस्तक मागवलं," आणि माझ्या पोटात गोळा येतो. (डिस्कवर्ल्ड म्हणजे टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची विनोदी फँटसी सिरीज.) कारण पुढचं मला पाठ झालंय. महिन्याभराने तो माणूस भेटला की पुस्तकाचा विषय काढत नाही, मीच काढला तर म्हणतो की वेळ नाही मिळाला हो, आणि मग कधीतरी बोलता बोलता "मला नाही झेपलं ते" असं निघतं. इतका जीव लावावा असा लेखक, आणि लोक दारातूनच परत जातात, तेही चुकीच्या दारातून. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एक नंबरपासून सुरुवात करणं. सिरीज म्हटली की एक, दोन, तीन असंच वाचायचं हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय, आणि बाकी बऱ्याच सिरीजना ते बरोबरही आहे. पण डिस्कवर्ल्डच्या 41 कादंबऱ्या म्हणजे एक लांबलचक गोष्ट नाहीये. ते एक जग आहे, थाळीसारखं सपाट, चार हत्तींच्या पाठीवर ठेवलेलं आणि ते हत्ती एका अवाढव्य कासवावर उभे (कूर्म आणि दिग्गज आपण आजीकडून ऐकलेत, त्यामुळे आपल्याला हे पटकन पटतं), आणि त्या जगात पहारेकऱ्यांची वेगळी मालिका, चेटकिणींची वेगळी, मृत्यूची वेगळी, पोस्टमास्तरची वेगळी, असं चालतं. एकातली माणसं दुसऱ्यात डोकावून जातात, पण प्रत्येक मालिकेचं दार स्वतंत्र आहे.

आणि 1983 चं 'द कलर ऑफ मॅजिक', म्हणजे पहिलं पुस्तक, हे त्यातलं सगळ्यात अवघड दार आहे. प्रॅचेटने ते त्या आधीच्या तलवार-जादूवाल्या फँटसीची टर उडवायला लिहिलंय. ती फँटसी आपल्यापैकी कितीजणांनी वाचलीये? मूळ नक्कल कोणाची चालली तेच माहीत नसेल तर नकलेला हसणार कसं? वरून ते चार प्रसंग जोडून केलेलं पुस्तक, आणि शेवट ऐन मोक्याला तुटतो, पुढची गोष्ट थेट 1986 च्या 'द लाइट फँटॅस्टिक' मध्ये. स्वतः लेखकाचाही हात अजून बसायचा होता.

माझ्या भाच्याचंच सांगते. बारावीची परीक्षा संपलेली, मे महिना, नागपूरचा पारा 45 च्या आसपास, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, पोरगं कूलरसमोर आडवं. माझ्याकडून दोन वर्षं प्रॅचेट-प्रॅचेट ऐकलेलं, म्हणून मला न विचारता स्वतःच्या साठवलेल्या पैशातून पहिली चार पुस्तकं एकदम मागवली. मला कळलं तेव्हा बॉक्स फुटलेला होता. मी म्हटलं, बेटा, हे बाजूला ठेव, मी देते ते आधी वाच. तर म्हणे, "नाही मावशी, मला सगळं सिरियलीच वाचायचं आहे." आठवड्याने विचारलं तर ऐंशीव्या पानावर अडकलेला. "कोण कुठं चाललंय काहीच समजून नाही राहिलं, काहून वाचू मी हे?" झालं, पुस्तक बंद, बॉक्स पलंगाखाली. आता त्या बॉक्समध्ये चौथं पुस्तक कोणतं होतं? 'मॉर्ट', 1987 चं. साक्षात मृत्यू एका धांदरट खेड्यातल्या मुलाला हाताखाली शिकाऊ म्हणून घेतो त्याची गोष्ट. पुढे काय करायचं हे न कळणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरासाठी याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही, आणि ते दोन वर्षं त्याच्याच पलंगाखाली पडून होतं, केवळ त्याच्यावर चार नंबर होता म्हणून. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

मी काय करते ते सांगते. माझ्याकडे 'गार्ड्स! गार्ड्स!' च्या दोन प्रती आहेत, एक माझी आणि एक फिरती. फिरती मी नागपूरच्या बर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळाली तेव्हा घेतली, कव्हर गेलंय, पण काम करते. नवीन वाचणारा आला की आधी त्याला काय आवडतं ते विचारते. पोलीस, शहर, राजकारण यात रस असला तर ही प्रत. देव-धर्म यावर वाद घालायला आवडत असेल तर 'स्मॉल गॉड्स' (1992), त्याला आगापिछा काहीच लागत नाही, एक मोठा देव कासव होऊन बसतो कारण त्याच्यावर खरोखर विश्वास ठेवणारा एकच माणूस उरलाय, इतकंच सांगते आणि पुस्तक हातात देते. चेटकिणी पाहिजे असतील तर 'विर्ड सिस्टर्स', त्यात मॅकबेथ उलटापालटा केलाय, आणि नाटकवेड्या माणसाला तर दुसरं काही देऊच नये. माझे बाबा पोस्टात होते, त्यांना मी 'गोइंग पोस्टल' मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं, फाशीच्या तख्तावरून उचललेल्या ठगाला बंद पडलेलं पोस्ट चालवायला देतात ते, आणि न वाटलेल्या पत्रांचे ढीग आले तेव्हा बाबा उठून बसले. घरात दहा-बारा वर्षांचं पोट्टं असेल तर 'द वी फ्री मेन'. बस. यातलं कोणतंही एक घ्या आणि त्याला पन्नास पानं द्या.

दुसरी चूक पहिलीच्या बरोबर उलटी, आणि हल्ली ही जास्त दिसते. लोक कुठलीतरी "टॉप टेन" यादी बघतात, त्यात सगळ्यात वर 'नाईट वॉच' असतं, आणि तेच आधी उचलतात. वेळ कुठाय, बेस्ट तेवढं वाचून घेऊ. या घाईचा मला मनापासून राग येतो. माझी एक मैत्रीण, बँकेत आहे, हुशार बाई, तिने हट्टाने असंच केलं. दीडशे पानांवर पुस्तक परत आणून दिलं आणि म्हणाली, "चांगलं आहे गं, पण हे वाचून सगळे एवढे रडतात कशासाठी?"

रडतात कारण तिथवर पोचायला पाच पुस्तकं लागतात. 'गार्ड्स! गार्ड्स!' (1989) उघडलं की पहारेकऱ्यांचा कॅप्टन व्हाइम्स दारू पिऊन गटारात पडलेला भेटतो, त्याच्या खात्याला शहरात कोणी विचारत नाही. मग 'मेन अॅट आर्म्स' मध्ये त्याचा तो बुटांचा हिशोब येतो: पगार महिन्याला 38 डॉलर, चांगले बूट 50 डॉलरला, म्हणून गरीब माणूस 10 डॉलरचे गळके बूट पुन्हा पुन्हा घेतो, दहा वर्षांत 100 डॉलर घालवतो आणि तरी पाय ओलेच. आमच्याकडे पावसाळ्यात दर वर्षी तीच स्वस्त चप्पल घेणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. असा हा माणूस 'फीट ऑफ क्ले', 'जिंगो', 'द फिफ्थ एलिफंट' करत करत एकेक पायरी वर चढतो, लग्न झालेलं असतं, मूल होणार असतं, आणि नेमका तेव्हा 2002 च्या 'नाईट वॉच' मध्ये तो तीस वर्षं मागे फेकला जातो आणि त्याला स्वतःचंच कोवळं, काही न कळणारं रूप समोर दिसतं. तुम्ही त्याला गटारात पाहिलंच नसेल तर त्या भेटीत तुम्हाला काय दिसणार? दोन अनोळखी पोलीस दिसणार. माझ्या मैत्रिणीला तेच दिसले, आणि आता ती पाच पुस्तकं वाचून परत येईल तरी ते पुस्तक तिला अर्धं माहीत आहे. ते पहिलं वाचन गेलं ते गेलंच.

बाकीच्या चुका पटापट सांगते. ते बाणांचे मोठे चार्ट असतात ना, कोणत्यानंतर कोणतं, ते पहिल्या पुस्तकाआधी उघडूच नका, माणूस चार्टचा अभ्यास करत बसतो आणि वाचत काहीच नाही. चार्ट तिसऱ्या-चौथ्या पुस्तकानंतर कामी येतो. रोज एक प्रकरण वाचून झोपायची सवय असेल तर बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, मधे एक ओळ रिकामी सोडलेली दिसली की तिथे थांबा. 'द शेफर्ड्स क्राउन' 2015 मध्ये प्रॅचेटच्या मृत्यूनंतर आलं, ते टिफनीच्या ('द वी फ्री मेन' मधली मुलगी) आधीच्या चार पुस्तकांनंतरच वाचायचं, आधी हात लावू नका. आणि 2013 च्या 'रेझिंग स्टीम' ने सुरुवात करून "लेखक ओव्हररेटेड आहे" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की अल्झायमर झाल्याचं त्यांनी 2007 च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं होतं, शेवटची पुस्तकं बोलून लिहवली आहेत, ती प्रेमाने आणि सगळ्यात शेवटी वाचायची.

तळटीपा मात्र सोडू नका. कुठून तरी फुकट उचललेली फाईल मोबाईलवर वाचणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं, टीपा पार शेवटी जाऊन पडतात आणि अर्धा विनोद तिकडे राहतो. सारांशाचे व्हिडीओ तर विसराच, या लेखकाची गोष्ट त्याच्या वाक्यात असते, वाक्य काढलं की हातात काही उरत नाही. प्रॅचेटचा मृत्यू बोलतो तेव्हा छापताना सगळी अक्षरं कॅपिटल असतात, अवतरणचिन्ह नाही काही नाही. आपल्या देवनागरीत कॅपिटल नाहीतच, तर तो घुमणारा आवाज मराठीत कसा आणायचा यावर मी कितीतरी रात्री विचार केलाय. अशा गोष्टी सारांशात कुठून येणार? इंग्रजीची भीती असेल तर एक पान मोठ्याने वाचा, डिक्शनरी लांब ठेवा, न कळलेला विनोद तसाच सोडून पुढे जा, दुसऱ्यांदा वाचताना सापडतो.

भाचा आता पुण्यात शिकतो. दोन वर्षांपूर्वी त्याला गाडीत बसवून देताना फिरती प्रत मी न सांगता बॅगेत टाकली होती, चार्जर गुंडाळून, म्हणजे ती हाताला लागेलच. मनमाड यायच्या आत मेसेज आला, "मावशी हा व्हाइम्स भारी आहे." तेव्हापासून एकेक करत मागच्या आठवड्यात 'द फिफ्थ एलिफंट' संपवलं आणि आता रोज विचारतो की पुढचं कधी देणार. माझं 'नाईट वॉच' कपाटात वरच्या खणात आहे. कुरिअर करणार नाहीये, दिवाळीत घरी येईल तेव्हा हातात देईन.