सांध्यातल्या द्रवातली प्रथिने कशी अभ्यासावीत?

निरोगी गुडघ्यात द्रव असतो तो जेमतेम अर्धा ते चार मिलिलिटर. फिकट पिवळसर, घट्टसर, तार धरणारा. ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे आपण म्हणतो, ते यालाच. प्रत्यक्षात ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांधा झिजण्याच्या आजारात, हा द्रव संपत नाही. अनेकदा तो वाढतो, पण त्याचा कस बिघडतो. द्रवाला घट्टपणा देणाऱ्या हायल्युरोनिक आम्लाच्या साखळ्या आखूड होतात, चिकटपणा घटतो. कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण), सांध्याचे आतले अस्तर आणि रक्त या तिन्हींकडून येणाऱ्या प्रथिनांचे प्रमाणही बदलते.

ही प्रथिने मोजायची कशासाठी? एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली कमी झालेली फट, म्हणजे होऊन गेलेले नुकसान. १९५७ पासून वापरात असलेली आजाराची केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी (० म्हणजे निरोगी, ४ म्हणजे सर्वांत गंभीर) याच चित्रावर बेतलेली आहे. तिच्यात वरच्या श्रेणीत बसणारे काही जण आरामात जिने चढतात, तर खालच्या श्रेणीतले काही जण दुखण्याने हैराण असतात. सांध्यात आत्ता काय चालले आहे, याचा माग द्रवातून लागू शकतो. झीज थांबवणारे मान्यताप्राप्त औषध अजून हाती नसल्यामुळे त्याला महत्त्व आहे.

असा अभ्यास आखणाऱ्या विद्यार्थ्याला आणि त्याचे निष्कर्ष पारखू पाहणाऱ्या वाचकालाही पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील. चर्चा नेहमी महागड्या यंत्राची होते. माझ्या मते अभ्यास बिघडतो तो नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

पायरी १: प्रश्न आणि तुलना ठरवा

‘काय सापडते ते पाहू’ हा प्रश्न नव्हे. झीज कोणाची वेगाने वाढेल हे ओळखायचे आहे, की दुखण्याचा दाहाशी संबंध तपासायचा आहे, की एकाच नावाखाली अनेक आजार दडले आहेत का हे पाहायचे आहे? शेवटच्या प्रश्नासाठी ‘स्टेपअप ओए’ या संशोधन गटाने हजारांहून अधिक रुग्णांच्या गुडघ्यांतला द्रव तपासला. इतके नमुने का लागतात, हे आकडेमोडीच्या पायरीवर कळेल.

तुलनेसाठी निरोगी द्रव मिळवणे मात्र अवघड असते. दुखत नसलेल्या गुडघ्यात सुई कोण टोचून घेईल? म्हणून कधी नुकतीच दुखापत झालेल्या तरुणांचा, तर कधी मृत्यूनंतर दान केलेल्या सांध्यांतला द्रव घेतात. या गटांची वये, वजने आणि गुडघ्यांची अवस्था रुग्णांपेक्षा वेगळी असते. पन्नाशी-साठीतल्या रुग्णांची विशीतल्या खेळाडूंशी तुलना केली, तर हाती लागलेला फरक आजाराचा की वयाचा, हे सांगता येणार नाही.

पायरी २: द्रव मिळवा

नीतिसमितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती असल्याशिवाय काहीच नाही. द्रव काढणे हे डॉक्टरांचेच काम आहे, तेही पूर्ण निर्जंतुक पद्धतीने. उपचार किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी जो द्रव काढावाच लागतो, त्यातला थोडा वापरणे सर्वांत सोयीचे. त्याच दिवशी रक्ताचाही नमुना घ्या. तो का, ते पुढे येईल.

डावा गुडघा की उजवा, वेळ, आदल्या दिवसाचे श्रम, घेतलेली औषधे आणि सांध्यात अलीकडे दिलेले इंजेक्शन यांची नोंद हवी, कारण या बाबी निकाल हलवतात. नुसते अर्धा तास चालल्यानेही रक्तातले ‘कॉम्प’ हे कूर्चेचे प्रथिन तात्पुरते वाढते.

पायरी ३: पहिले काही तास सांभाळा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात मोलाची. द्रवात जिवंत पेशी आणि प्रथिने तोडणारी विकरे असतात. नमुना टेबलावर पडून राहिला तर विकरे तोडफोड चालू ठेवतात, पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातली प्रथिने द्रवात मिसळतात. मग यंत्र जे मोजते तो सांधा नसून तुमचा उशीर असतो.

म्हणून नमुना लगेच थंड ठेवा. थोडा भाग पेशी मोजायला आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहायला बाजूला काढा. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये पांढऱ्या पेशी सहसा दर मायक्रोलिटरला २,००० पेक्षा कमी असतात. आकडा बराच वर गेला किंवा युरेटचे स्फटिक दिसले, तर तो नमुना वेगळ्या आजाराचा असू शकतो. उरलेला द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी खाली बसवा, वरचा स्वच्छ भाग छोट्या नळ्यांत वाटा आणि उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवा. नळ्या छोट्या अशासाठी, की प्रत्येक वेळी एकच वितळवता यावी. वितळवणे-गोठवणे वारंवार झाले की प्रथिने खराब होतात.

लालसर झालेला नमुना लपवू नका. सुईमुळे आलेल्या रक्तातून हिमोग्लोबिन येते, त्याच्याबरोबर इतर शेकडो प्रथिनेही. तशी नोंद करून तो वेगळा ठेवा.

चिकट द्रव पिपेटमधून नीट मोजला जात नाही. हायल्युरोनिडेज हे विकर घातले की तो पातळ होतो. हे विकर स्वतःच प्रथिन आहे, म्हणून ते सर्व नमुन्यांत सारखेच घाला.

पायरी ४: मोजण्याची पद्धत निवडा

द्रवात अल्ब्युमिन हे रक्तातून येणारे प्रथिन दर मिलिलिटरला मिलिग्रॅमांत असते, तर इंटरल्युकिन-६ सारखी दाहाची प्रथिने पिकोग्रॅमांत. एक मिलिग्रॅम म्हणजे एक अब्ज पिकोग्रॅम. या गर्दीत बारीक आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणारे यंत्र) वापरण्याआधी अल्ब्युमिन आणि प्रतिपिंडे बऱ्याचदा काढून टाकतात. नंतर ट्रिप्सिन या विकराने प्रथिनांचे तुकडे करतात आणि यंत्र त्या तुकड्यांवरून मूळ प्रथिन ओळखते. मोजकी, आधीच ठरलेली प्रथिने पाहायची असतील तर प्रतिपिंडांच्या मदतीने एकेक प्रथिन मोजणारी एलायझा चाचणी पुरते. हजारो प्रथिने एकदम हवी असतील तर ओलिंक किंवा सोमास्कॅन या तयार चाचण्या आहेत, पण त्या ठरलेल्या यादीतलेच शोधतात.

अख्ख्या प्रथिनापेक्षा त्याचा तुटलेला तुकडा कधी कधी जास्त सांगून जातो. कूर्चेतले प्रथिन अ‍ॅग्रिकन ‘अ‍ॅडॅमटीएस-५’ या विकराने कापले की एक नवे टोक तयार होते. केवळ त्या टोकाला चिकटणारे प्रतिपिंड वापरले, तर अ‍ॅग्रिकन किती आहे यापेक्षा ते किती कापले जात आहे हे कळते.

पायरी ५: तीव्रता आणि एकूण मात्रा यांत गल्लत करू नका

इथे भले भले फसतात. समजा, एका गुडघ्यात ३ मिलिलिटर द्रव आहे आणि एका प्रथिनाची तीव्रता दर मिलिलिटरला १० एकके आहे. दुसरा गुडघा सुजलेला, द्रव १२ मिलिलिटर आणि तीव्रता ५. कागदावर दुसऱ्यात प्रथिन निम्मे दिसते, पण एकूण मात्रा ३० विरुद्ध ६०, म्हणजे दुप्पट आहे. म्हणून शक्य तेव्हा द्रवाचे आकारमान नोंदवा.

द्रव इतका कमी असेल की सलाइनने धुऊन काढावा लागला, तर युरियाची मदत घ्या. युरिया रक्त आणि सांधा यांच्यात सहज ये-जा करतो, त्यामुळे दोन्हीकडे त्याची पातळी जवळपास सारखी असते. धुतलेल्या द्रवात ती किती घटली यावरून नमुना किती पातळ झाला हे काढता येते. रक्ताचा नमुना त्यासाठीच.

रक्ताचा आणखी एक उपयोग आहे. अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हे अवाढव्य प्रथिन, सुमारे ७२० किलोडाल्टनचे. निरोगी अस्तर त्याला बरेचसे अडवते. सांध्यात ते रक्ताच्या तुलनेत वाढले असेल, तर अस्तर गळके झाले आहे असा संशय घ्या. मग इतर वाढलेली प्रथिनेही सांध्यात बनली, असे बेधडक म्हणू नका.

पायरी ६: आकड्यांना लगाम घाला

हजार प्रथिने तपासली आणि ०.०५ ही सीमा धरली (म्हणजे फरक नसताना तो दिसण्याची शक्यता पाच टक्के), तर काहीच फरक नसतानाही सुमारे ५० प्रथिने ‘महत्त्वाची’ ठरतील. म्हणून अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती करा. वय, लिंग आणि वजन यांचा परिणाम वेगळा काढा. रुग्णांचे नमुने सोमवारी आणि तुलनेचे मंगळवारी लावू नका. सगळे मिसळून, चिठ्ठ्या टाकल्यासारखे लावा. नाहीतर यंत्राचा दिवसागणिक फरक आजाराचा वाटेल.

पायरी ७: पुन्हा तपासा

यादीतली निवडक प्रथिने दुसऱ्या पद्धतीने आणि दुसऱ्याच रुग्णांच्या नमुन्यांत मोजा. एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांवरून कारण आणि परिणाम यांत भेद करता येत नाही. त्यासाठी तेच रुग्ण काही वर्षांनी पुन्हा पाहावे लागतात. कच्ची माहिती ‘प्राइड’ या खुल्या संग्रहात जमा करा. सोबत नमुना काढल्यापासून गोठवेपर्यंत किती मिनिटे गेली, किती नळ्या लालसर होत्या आणि किती नमुने का वगळले, हेही लिहा.