लाकूडकामाची नवी पॉवर टूल्स कशी निवडावीत: कोल्हापूरच्या खरेदीदारासाठी मार्गदर्शन

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते आणि त्या निमित्ताने एखादे नवे यंत्र घ्यावे, असे अनेकांच्या मनात येते. सुतारकामावर पोट असलेल्या मिस्त्रीला आपल्याला काय हवे ते पक्के ठाऊक असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांना घरचे शेल्फ, बाक किंवा कपाट स्वतः करायचे आहे, अथवा लहानसे वर्कशॉप थाटायचे आहे, आणि काउंटरवर मांडलेल्या निळ्या, हिरव्या, पिवळ्या यंत्रांतून कोणते उचलावे हे ज्यांना उमगत नाही. माझे मत आधीच सांगतो: सवलत किती मिळते यापेक्षा त्या यंत्राचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे, झिजणारे तुकडे), स्विच आणि आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) कुठे आणि किती दिवसांत मिळते, या प्रश्नाला अधिक वजन द्यावे.

पायरी १: यंत्रांची नव्हे, कामांची यादी करा

येत्या वर्षभरात प्रत्यक्ष करायची कामे कागदावर लिहावीत आणि प्रत्येक कामापुढे त्यात कोणते छेद, कोणती भोके आणि कोणत्या कडा आहेत ते नोंदवावे. आठ बाय चार फुटांचे १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड सरळ कापायचे असेल, तर सर्क्युलर सॉ लागते. वळणदार कापायचे असेल तर जिगसॉ, सनमायकाची कड मारायची असेल तर ट्रिमर, आणि सागवानाची फळी एकसारखी करायची असेल तर इलेक्ट्रिक रंधा. यादी पुरी झाली की बहुतेक घरगुती कामे ड्रिल, सर्क्युलर सॉ आणि १२५ मिलिमीटरचा रँडम ऑर्बिट सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारे यंत्र) या तिघांत भागतात, असे ध्यानात येईल. चौथे यंत्र ट्रिमर घ्यावे. शंभर-सव्वाशे नग भरलेली चकचकीत पेटी मात्र टाळावी, कारण तिच्यातले निम्मे बिट कधी बाहेर निघत नाहीत.

येथे मार्बल कटरविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे बऱ्याच साइटवर चार इंची मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून प्लायवूड कापलेले दिसते, आणि ते पाहूनच नवशिका तसेच यंत्र मागतो. ते स्वस्त आणि हलके आहे, हे खरे. पण ते दगड आणि फरशी कापण्यासाठी बनवलेले आहे. त्याचा वेग मिनिटाला १२ ते १३ हजार फेऱ्यांच्या घरात असतो, तर सात इंची सर्क्युलर सॉ साधारण ५ ते ६ हजार फेऱ्यांवर चालते. सर्क्युलर सॉला खालच्या बाजूने स्प्रिंगवर फिरणारे गार्ड असते, जे लाकूड संपताच पाते झाकून टाकते. मार्बल कटरला तसे गार्ड नसते. शिवाय अनेक मार्बल कटरचा स्विच चालू स्थितीत अडकवून ठेवता येतो, म्हणजे यंत्र हातातून निसटले तरी पाते फिरतच राहते. मुरलेले मिस्त्री त्यावर वर्षानुवर्षे काम करतात, पण त्यांचा हात पाहून आपण यंत्र निवडू नये. दोन-अडीच हजार रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

पायरी २: पेटीवरचे आकडे वाचायला शिका

वॉटचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला असतो आणि तोच सर्वांत फसवा असतो, कारण तो बहुधा यंत्र विजेतून किती शक्ती घेते ते सांगतो, पात्यापर्यंत किती पोहोचते ते नव्हे. म्हणून १,४०० वॉटचे अनोळखी यंत्र १,२०० वॉटच्या नामांकित यंत्रापेक्षा जोरकस असेलच, असे धरून चालू नये. सर्क्युलर सॉमध्ये पात्याचा व्यास, ९० अंशांत आणि ४५ अंशांत कापण्याची खोली, आणि खालची बेस प्लेट पत्र्याची आहे की कास्ट ॲल्युमिनियमची, हे पाहावे. पत्र्याची प्लेट एकदा पडली की वाकते आणि मग सरळ छेद मिळणे दुरापास्त होते.

पात्याचे गणित वेगळे. २४ दातांचे पाते लाकडाच्या रेषेच्या दिशेने भराभर कापण्यासाठी, ४० दातांचे सर्वसाधारण कामासाठी आणि ६० दातांचे प्लायवूड व सनमायकासाठी योग्य ठरते. यंत्राबरोबर आलेले पाते बहुधा कमी दातांचे असते; त्याने सनमायका लावलेला प्लाय कापला, तर कडेचे कपचे उडतात आणि दोष यंत्राच्या माथी येतो. पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असलाच पाहिजे.

ट्रिमर किंवा राऊटर (ट्रिमरसारखेच, पण मोठे यंत्र) घेताना कोलेटचे, म्हणजे बिटची दांडी धरणाऱ्या पकडीचे, माप विचारावे. बाजारात ६ मिलिमीटर आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, अशा दोन्ही दांड्यांचे बिट मिळतात. फरक नखाएवढाही नाही, पण पाव इंची कोलेटमध्ये ६ मिलिमीटरचा बिट कसला, तर तो घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि मिनिटाला ३० हजारांच्या आसपासच्या वेगात हळूहळू सरकतो. छेद खोल जात असल्याचे दिसेपर्यंत लाकूड वाया गेलेले असते, आणि बिट निसटला तर प्रसंग जिवावर बेततो. मोठा राऊटर घेणार असाल, तर वेग कमी-जास्त करण्याची सोय हवीच, कारण रुंद बिट पूर्ण वेगाने चालवायचे नसतात.

बॅटरीच्या यंत्रांत १८ व्होल्ट आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ यांत सहसा फरक नसतो. दोन्हींत लिथियमचे पाच सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला तर १८ येतात आणि पूर्ण चार्ज झाल्याबरोबरचा सुमारे ४ व्होल्ट धरला तर २०. खरी अडचण अशी, की एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही. त्यामुळे पहिले कॉर्डलेस ड्रिल घेताना आपण पुढच्या चार यंत्रांची कंपनीही ठरवत असतो. घरच्या वर्कशॉपसाठी मी ड्रिल बॅटरीचे आणि सॉ, ट्रिमर व सँडर वायरचे घेण्याचा सल्ला देईन.

पायरी ३: घरातली वीज पाहा

१,४०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर साधारण ६.१ अँपिअर वीज घेते, आणि घरातले लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. म्हणून सॉ १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावी. गोठ्यामागच्या किंवा गच्चीवरच्या शेडपर्यंत लांबून वायर ओढायची असेल, तर २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि काम करताना एक्स्टेन्शनचे रीळ पूर्ण उलगडावे. लांब, बारीक वायरीत विजेचा दाब पडला की मोटर मंदावते, तिचा पंखाही मंदावतो आणि आर्मेचर तापून जळते. दुकानदाराकडे परत येणाऱ्या ‘खराब’ यंत्रांतली काही याच कारणाने आलेली असतात. पुष्कळ यंत्रांना दोनच पिनांचा प्लग असतो. नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल, तर यंत्र दुहेरी इन्सुलेशनचे आहे आणि त्याला अर्थिंगची पिन लागत नाही.

अमेरिकेतल्या भाच्याकडून यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तिकडचे वायरचे यंत्र १२० व्होल्टचे असते आणि आपल्या सॉकेटवर लावताच जळते. तिकडची वॉरंटी इथे सहसा चालत नाही, हे वेगळेच.

पायरी ४: दुकानात यंत्र हातात घेऊन तपासा

ऑनलाइन घ्यायचे ठरवले असले, तरी एकदा ते मॉडेल हातात धरून पाहावे. पकड आपल्या पंज्याला बसते का, आणि अंगठा लॉकच्या बटणापर्यंत सहज पोहोचतो का, हे फोटोवरून कळत नाही. सोबत काटकोन तपासायचा गुण्या आणि मोजपट्टी न्यावी. सर्क्युलर सॉचा प्लग काढलेला असताना पात्याच्या एका दाताला पेनने खूण करावी, तो दात पुढच्या बाजूला आणून बेस प्लेटच्या कडेपासूनचे अंतर मोजावे, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागच्या बाजूला आणावा आणि पुन्हा मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली, तर प्लेट पात्याला समांतर आहे. खूण केलेला दात तोच ठेवण्याचे कारण असे, की पाते किंचित वाकडे असले तरी मापात चूक येत नाही. त्यानंतर पाते ९० अंशांवर ठेवून गुण्या लावावा. शेवटी यंत्र रिकामे चालवून ऐकावे: कार्बनजवळ बारीक ठिणग्या दिसणे स्वाभाविक आहे, पण आतून ठिणग्यांचे पूर्ण कडे फिरताना दिसले किंवा घरघर ऐकू आली, तर दुसरा नग मागावा.

खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला आहे का, ते पाहावे. बॅटरी असेल तर तो महिना विशेष लक्ष देऊन वाचावा.

पायरी ५: किंमत आणि विक्रेता यांची तुलना करा

दर विचारताना मॉडेलचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून न्यावा. एका अक्षराच्या फरकाने केस, जादा पाते किंवा बॅटरी वगळलेली असू शकते. ऑनलाइन फार स्वस्त दिसणारे कॉर्डलेस यंत्र पुष्कळदा बॅटरी आणि चार्जर यांच्याविना विकले जात असते.

जीएसटीचा घोळ असा होतो. समजा दुकानदाराने ८,००० रुपये सांगितले. १८ टक्के जीएसटी त्यात धरलेला नसेल, तर बिल ९,४४० चे होईल. ऑनलाइन तेच यंत्र करासह ९,१०० ला मिळत असेल, तर खरा फरक ३४० रुपयांचा. यंत्र बिघडल्यावर ते सर्व्हिस सेंटरसाठी पुण्याला, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरवर पाठवावे लागणार असेल, तर हे ३४० रुपये एका फेरीतच संपतात. ज्यांच्या वर्कशॉपची जीएसटी नोंदणी आहे, त्यांना पक्क्या बिलावर कराचे १,४४० रुपये वळते करून घेता येतात. बिलाविना स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नये, कारण वॉरंटी बिलावर चालते.

कोल्हापूर हे फाउंड्री आणि मशिन शॉपचे शहर. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना ग्राइंडर आणि ड्रिल रोज लागतात, म्हणून त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारे हात इथे मिळतात. प्लंज राऊटर (वरून खाली दाबून चालवायचा राऊटर) किंवा ट्रॅक सॉ (पट्टीवरून सरकणारी सॉ) मात्र मागवून घ्यावी लागली तर नवल नाही. दुकानदाराला सरळ विचारावे: या मॉडेलचे आर्मेचर कितीला पडते आणि किती दिवसांत येते? जो माणूस फोन न करता उत्तर देतो, त्याच्याकडे ते यंत्र खपते, असे समजायला हरकत नाही. आर्मेचरची किंमत यंत्राच्या निम्म्याजवळ जात असेल, तर ते यंत्र दुरुस्तीसाठी बनवलेलेच नाही. जळलेल्या आर्मेचरच्या तारा नव्याने गुंडाळणे, म्हणजे रिवाइंडिंग, स्वस्तात होते, पण आर्मेचर नीट बॅलन्स झाले नाही तर बेअरिंग लवकर जाते.

वॉरंटीचा कागदही वाचावा. घरगुती मालिकेतले यंत्र धंद्यासाठी वापरले तर अनेक कंपन्या वॉरंटी नाकारतात, आणि काहींची मुदत ऑनलाइन नोंदणी केल्यावरच वाढते.

एकूण रकमेचा तिसरा हिस्सा यंत्राबाहेर राखून ठेवावा: चांगले पाते, क्लॅम्प, सरळ छेदासाठी ॲल्युमिनियमची पट्टी, डोळ्यांना गॉगल आणि नाकाला एन-९५ मास्क. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. रुमाल बांधून ती अडत नाही. सँडर घेताना घरच्या व्हॅक्यूमचा पाइप त्याच्या तोंडाला बसतो का, तेही तपासून घ्यावे.

पायरी ६: घरी आणल्यावर

ऑनलाइन घेतलेल्या यंत्राचे खोके उघडताना सलग व्हिडिओ काढावा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी यंत्रावर खरे काम करून पाहावे. मुहूर्तासाठी खोके बंद ठेवून ती मुदत घालवू नये. जाड लाकडात चार-पाच पूर्ण छेद घेतले की मोटर किती तापते ते कळते. बिलाचा आणि नावाच्या पट्टीवरील सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवावा, कारण धुळीने आणि हाताने ती पट्टी पुसट होते. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही.